केर्लूआन्चं खडप

"खडप दाखव," कप्तान व्हर्दिये म्हणाला.

गुल्व्हेन ल इर हा जहाजावरचा वाटाड्या. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठलं खडप, कप्तानसाहेब?"

"जहाज फुटेल पण माणसं वाचतील, असं."

मागे तीन इंग्रज जहाजं लागली होती. त्यांच्या 'ला ग्लानेझ' या फ्रेंच युद्धनौकेची मधली डोलकाठी सकाळीच तुटून पडली होती. नऊ वर्षं ही फ्रिगेट लढली होती. आता त्यांचं ब्रेस्ट बंदर जवळ आलं असूनही वारा तिला तिथवर पोचू देत नव्हता. आणि इंग्रजांच्या हाती ती द्यायची नाही, हे कप्तानाचं ठरलं होतं.

"आजवर माझ्या हातून साधी होडीही खडकाला घासली नाही," गुल्व्हेन म्हणाला.

"म्हणून तर तुला विचारतोय."

गुल्व्हेनने किनाऱ्याकडे बोट केलं. "केर्लूआन्च्या खडपावर घालू. ओहोटी लागलीय. थोड्या वेळात कमरेएवढं पाणी उरेल."

"गाव आहे तिथे?"

"माझंच."

त्याने सुकाणूवाल्याला बाजूला सारलं आणि चाक स्वतः धरलं. जहाज खडकावर चढलं, तेव्हा तळाच्या फळ्या फाटल्याचा आवाज त्याच्या पायांतून वर आला. त्याने चाक सोडलं नाही.

खलाशी दोर धरून उतरले, जखमींना खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाले. गावातल्या बाया दोरखंड घेऊन पाण्यात शिरल्या होत्या. त्यांच्यात गुल्व्हेनची बायको सोआझिकही होती.

"तू आणलंस हे जहाज इथे?" तिने विचारलं.

"हो."

"खडप दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग दोराचं टोक त्याच्या हातात दिलं. "धर मग. ओढ."

कप्तान सगळ्यांत शेवटी आला. येताना त्याने जहाजाला आग लावली होती. ते ताब्यात घ्यायला इंग्रजांच्या होड्या निघाल्या होत्या, त्या जवळ येऊ लागल्या. गावावर उडू नयेत म्हणून किनाऱ्याकडच्या तोफा खलाशांनी आधीच पाण्यात ढकलल्या होत्या. समुद्राकडच्या भरलेल्याच होत्या. आगीची धग लागली आणि त्यातली एक उडाली. मग दुसरी. होड्या घाईघाईने माघारी वळल्या.

"आत कोण राहिलंय रे?" सोआझिकने घाबरून विचारलं.

"कुणी नाही," गुल्व्हेन म्हणाला.

आणखी एक तोफ उडाली. कप्तानाने जहाजाकडे बघून टोपी काढली.