हद्दीबाहेर

साल १९६२, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. म्युरिएल ऑर्मरॉड व्हिकरच्या घराच्या स्वयंपाकघरात उभी राहून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि तिला काहीच वाटत नव्हते. व्हिकर म्हणजे या चर्चचा पाद्री, तिचा नवरा ऑब्री. त्याला पुरून एकवीस दिवस झाले होते. घर चर्चचे, व्हिकर असेपर्यंतचे. महिनाअखेर ते रिकामे करायचे होते. बिशपच्या धर्मप्रांताने तिला अठरा मैलांवर, समुद्रकाठी, विधवांसाठी बांधलेल्या घरांतले एक दिले होते.

चर्चचा कारभारी विल्फ सग्डन खिडक्यांची मापे घेत होता. एडी पॉगसन गिरणीतून सुटून पेट्यांना दोरी बांधायला आली होती. तिला कोणी बोलावले नव्हते.

“नवा व्हिकर नेमतं कोण, बाई?” विल्फने विचारले. “बिशप, का तुमचं ऑफिस?”

“या चर्चवर ज्याचा हक्क आहे तो जमीनदार नाव सुचवतो. बिशप मान्यता देतो. तोवर सगळं कारभाऱ्यांच्या ताब्यात.”

“म्हणजे माझ्या. छप्पर गळलं की आता लोक मलाच शिव्या देणार.”

एकोणीस वर्षे म्युरिएल धर्मप्रांताच्या कार्यालयात लोकांच्या पत्रांना उत्तरे देत आली होती. कुंपणाची भिंत कोणी दुरुस्त करायची, थडग्याच्या दगडावर फोटो चालेल का, शेजारच्या आवारात झुकलेली फांदी कोणाची. प्रश्न तेच ते, म्हणून उत्तरेही ठरलेली आणि पाठ झालेली. गेले तीन आठवडे ती सगळ्यांशी तसेच बोलत होती. वाण्याशीही, सांत्वनाला येणाऱ्यांशीही.

विल्फ टेप गुंडाळत म्हणाला, “त्यांच्या शेजारची जागा मोकळी आहे, हे एक बरं झालं. वेळ आली की तुम्हाला इकडेच आणू.”

“चर्चच्या आवारात पुरलं जाण्याचा हक्क त्या चर्चच्या पॅरिशच्या हद्दीत राहणाऱ्याचा किंवा हद्दीत मरणाऱ्याचा,” म्युरिएल म्हणाली. “हद्दीबाहेर राहायला गेलं की तो संपतो.”

मग तिचा हात थांबला. ऑब्रीशेजारच्या जागेवर आपला हक्क राहणार नाही, हे तिला आत्ता स्वतःच्याच तोंडून कळले. रडू येईल म्हणून ती थांबून राहिली. आले नाही. तिने पुढचा कप उचलला.

“काहीतरीच काय,” विल्फ म्हणाला. “तुम्हाला कसला नियम?”

“माझ्या आईला होता,” एडी म्हणाली.

तिने दोरीची गाठ दातांनी आवळली. तिची आई शेवटचे आठ महिने शहरात धाकट्या मुलीकडे होती. हद्दीपासून दोन मैल. ती गेली तेव्हा कार्यालयाचे पत्र आले. बाप चर्चच्या भिंतीशी आणि आई नगरपालिकेच्या दफनभूमीत, गॅसच्या कारखान्यामागे.

“सही तुमची होती. एम. ऑर्मरॉड.”

म्युरिएलला ते पत्र आठवले नाही. आठवड्याला चाळीस पत्रे जात.

“माझी मागची खोली रिकामी आहे,” एडी म्हणाली. “तिथं राहा. म्हणजे तुम्ही पॅरिशच्याच. उपकार वगैरे मानू नका, तुम्ही मला आवडत नाही. पण अकरा वर्षं ते पत्र वाचतेय मी. यात फट कुठं आहे, हेच बघत होते. ती ही फट.”

नुसते हो म्हणायचे होते. विल्फ तिच्याकडे पाहत होता.

“मिसेस पॉगसन,” म्युरिएल म्हणाली, “त्या पत्रात एक वाक्य नव्हतं. बाहेरच्या माणसालाही व्हिकर परवानगी देऊ शकतो. आम्ही ते कळवत नसू. व्हिकर मंडळींनीच सांगितलं होतं, कळवू नका, लोक दाराशी येऊन बसतात.”

“कुठला व्हिकर?”

“ज्याचं चर्च, तो.”

एडीच्या हातातली दोरी सैल झाली. “मी आले होते. याच दारात. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, माझ्या हातात काही नाही, मिसेस पॉगसन. कार्यालयाला लिहा.”

पत्र आठवले नव्हते. ती संध्याकाळ आठवली. “ऑब्री मला म्हणाला होता,” म्युरिएल म्हणाली. “एक बाई रडत आली होती, तुझ्याकडे पाठवली. नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

विल्फने गुंडाळलेला टेप पुन्हा उलगडला आणि मोजलेलीच खिडकी मोजू लागला. एडीने दोरी पुन्हा ओढून घट्ट केली.

“खोली उत्तरेची आहे,” ती म्हणाली. “गार असते. आपली ब्लँकेटं आणा.”

नवा व्हिकर चौदा महिन्यांनी आला. मवाळ माणूस. हद्दीबाहेरचा कोणीही विचारायला आला की हो म्हणायचा, त्यामुळे नऊ वर्षांत आवार भरत आले. एडीने त्याला आईबद्दल विचारले, पण एकदा पुरलेल्या माणसाला हलवू देत नाहीत. ऑब्रीशेजारची जागा मात्र त्याने म्युरिएलसाठी राखून ठेवली. विल्फने छप्पर दुरुस्त करून घेतले आणि कारभार सोडून तो मुलाकडे कॅनडाला गेला. एडी गिरणी बंद पडेपर्यंत मागावर होती. पुढे बऱ्याच वर्षांनी ती वारली तेव्हा तिला बापाशेजारी पुरले. म्युरिएल तिच्या मागच्या खोलीत साडेअकरा वर्षे राहिली. दोघी शेवटपर्यंत एकमेकींना मिसेस म्हणत.

१९७४च्या मार्चमध्ये म्युरिएल गेली. त्या उत्तरेच्या खोलीत, हद्दीच्या आत, पुऱ्या हक्कानिशी. तिने लिहून ठेवल्याप्रमाणे तिला गॅसच्या कारखान्यामागे, एडीच्या आईशेजारी पुरले.