पेटीचं कुलूप

शिंगणापुरात घराला दार नाही, आणि नव्या सुनेनं पेटीला मात्र कुलूप घातलेलं! वरातीत ती पेटी उचलताना दोन गड्यांच्या तोंडाला फेस आला होता, हे तिची सासू भागूबाई विसरली नव्हती. कापड रेशनवर, घरातले सगळे ठिगळांत. अंगणात बोहारीण जुन्या कपड्यांवर पातेलं द्यायला बसली, तरी सून म्हणाली, "माझ्या पेटीत द्यायजोगं काई न्हाई, आत्याबाई."

मग एवढं भरलंय काय?

सून पाण्याला जाताच भागूबाईनं उशाखालची किल्ली काढली.

वर एक विरलेलं लुगडं. खाली नीट रचलेले दगड.

मागं घागर आदळली. सून उंबऱ्यातच थिजली होती.

भागूबाईनं कुलूप पुन्हा लावलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.



"माझ्या पेटीत इटा हुत्या, पोरी."