जास्तीची माया

“पॉझिटिव्ह!” मुलगा खुर्चीत एकदम ताठ झाला. “सुटलो एकदाचे. आई, ऐकलंस ना? पॉझिटिव्ह आलंय!”

डॉक्टरबाईंनी रिपोर्टवरचं बोट उचललं नाही.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “इथे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नव्हे. निगेटिव्ह असतं, तर तुमच्याआधी मीच टाळी वाजवली असती.”

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. शेजारी बसलेली त्याची आई मात्र हलली नाही. सगळा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेला, म्हणून अख्खी गल्ली तिला मास्तरीण म्हणत असे. गाठ कर्करोगाची आहे हे तिला आधीच कळलेलं होतं, आणि डाव्या छातीतली ती गाठ काढूनही झाली होती. आज कळायचं होतं ते एवढंच, की गाठ पुरती निघाली की काही आत राहिलं.

“आईला बाहेर बसवू का?” मुलानं आवाज खाली आणून विचारलं. “आपण दोघं बोलू.”

“बाहेर कशाला?” मास्तरीण म्हणाली. “गाठ माझी, टाके मला, आणि बातमी तेवढी तुझी होय रे?”

डॉक्टरबाईंनी मुलाकडे वळवलेली खुर्ची तिच्याकडे फिरवली. आपल्या नावाचा छापील कागद पुढे ओढला, त्यावर एक ठिपका काढला आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ.

“हा ठिपका म्हणजे गाठ, काकू. आम्ही नुसती गाठ काढत नाही, भोवतीचं थोडं चांगलं मांसही घेतो. मग त्या अख्ख्या गोळ्याला बाहेरून शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शाईच्या आत चहूबाजूंनी चांगलं मांस दिसलं, तर गाठ पुरती निघाली म्हणायची. तुमच्या रिपोर्टात एका अंगाला रोग थेट शाईला जाऊन भिडलाय. म्हणजे थोडा आत राहिला असणार. गाठीभोवतीच्या त्या पट्टीला आम्ही मार्जिन म्हणतो.”

मास्तरीण वर्तुळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माया कमी पडली म्हणा की.”

मुलानं तिचा हात घट्ट धरला. “असं काय बोलतेस, आई? कुणाची माया कमी पडली? दर रविवारी येतो की मी! मागच्या रविवारी नाही जमलं, पण फोन केला होता ना?”

“तुझी नव्हे रे, बावळटा. कापडाची.” तिनं त्याच्या शर्टाची बाही ओढली आणि उलटी करून डॉक्टरबाईंना दाखवली. “ही बघा. शिवणीच्या पलीकडे ही पट्टी राखतात ना, तिला आम्ही माया म्हणतो. ही नसली की पहिल्याच धुण्यात शिवण तोंड उघडते.”

“तीच ती,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “फक्त तुमची माया कपड्यात राहते. आमची गाठीबरोबर जाते. आता पुन्हा कापायचं, तर आणखी चांगलं मांस जाणार. छातीचा आकारही बदलेल. खोटं कशाला सांगू?”

मास्तरीणीचा हात पदराखालच्या पट्टीवर गेला आणि तिथेच थांबला. तिला शिवण शिकवणारी बाई आठवली. डोक्याशी उभी राहून ओरडायची, “माया सोड गं, माया सोड! पोरं वाढतात!” पोरांच्या आयांनी तर नेमकं मोजून मापून कापड आणलेलं असायचं. मग मास्तरीण खिसा लहान करी, कॉलर अरुंद करी, पण मायेला हात लावत नसे. कापड कुठून तरी जावं लागतंच.

मुलाला राहवेना. “डॉक्टर, मी काय म्हणतो, या वयात पुन्हा चिरफाड कशाला? घरी मामांशी बोलतो आणि कळवतो. आत्या तर म्हणतच होती, आता जे व्हायचं ते होऊ द्यावं. या वयात माणसानं माया सोडायला शिकावं.”

“शिकून जन्म झाला म्हणावं,” मास्तरीण म्हणाली. “सांग तुझ्या आत्याला, सोडतेच आहे. चांगली ऐसपैस सोडते आहे. आणि मामाला कळव, पण विचारू नकोस. त्याच्या अंगावर बेतलेलं नाही हे.”

डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन तिनं हक्कानं काढून घेतलं. त्यांच्या वर्तुळाबाहेरून तिनं दुसरं वर्तुळ ओढायला घेतलं. रेघ वळली, वर चढली, कागदावर छापलेल्या डॉक्टरबाईंच्या नावावरून आणि पदव्यांवरून आडवी गेली आणि फिरून जिथून निघाली होती तिथे येऊन टेकली.

“एवढी घ्या. कंजुषी नको.”

डॉक्टरबाईंनी कागद उचलून दूर धरला. त्यांना हसू आवरेना.

“अहो काकू, एवढ्यात तर मीसुद्धा कापली जाईन!”

“मग हात जपून चालवा,” मास्तरीण म्हणाली.