रुळायचे दिवस

पडदेवालीने शिवणयंत्र थांबवून वर पाहिलं, तोवर मांजराचं पिल्लू दवाखान्यासाठी शिवलेल्या नव्या पडद्यावर चढत पार दांडीपर्यंत पोचलं होतं. चढायची अक्कल होती, उतरायची नव्हती. लोंबकळत, नखांनी कापड ओरबाडत ते खाली आलं आणि हिरव्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत चार रेघा पाडून मोकळं झालं. तीन दिवसांची मेहनत गेली होती, आणि उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंचा माणूस पडदे न्यायला येणार होता.

"भवानी!" ती ओरडली, आणि मानगुटीला धरून तिने पिल्लाला मागच्या लहान खोलीत कोंडलं.

या भवानीला घरात येऊन पाचच दिवस झाले होते, पण पाच दिवसांत तिने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. आल्या दिवशीच ती पिठाच्या डब्यात सापडली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ड्युटीच्या टोपीत तिने नको ते केलं, आणि तो शहाणा रागवायचं सोडून हसत बसला. दोऱ्याचं एकही रीळ जागेवर राहत नव्हतं. आता हे लचांड घरात आणलं कुणी, तर तिनेच. संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या, घरात एखादं जनावर असलं की दत्तक आलेलं मूल लवकर रुळतं.

खरं तर छोटीला रुळवायची गरजच काय होती? आठ वर्षांची पोर, येऊन पाच महिने झाले होते, आणि शेजारच्या बाया आपापल्या कार्ट्यांना तिचे दाखले द्यायला लागल्या होत्या. पानात काही टाकणार नाही, हट्ट करणार नाही, सांगायच्या आत अंथरुणाची घडी घातलेली असायची. एवढ्या दिवसांत तिच्या हातून एक कपसुद्धा फुटला नव्हता. फक्त एक गोष्ट पडदेवालीच्या मनाला लागायची. आई म्हण गं, असं दोनदा सांगून झालं, तरी पोर तिला काकूच म्हणायची आणि अहो-जाहो करायची. आपल्या आईला कुणी 'तुम्ही' म्हणतं का? पण तिच्या ताईने समजूत घातली होती, की हल्लीच्या पोरांना एवढं वळण असतं कुठे, नशीब समज. तिनेही मग तेच धरून ठेवलं होतं.

आत्ताही तिने ताईलाच फोन लावला. एका हाताने फाटका पडदा चाचपत ती तावातावाने बोलायला लागली.

"पुरे झालं आता. एवढं केलं तिच्यासाठी, तरी रुळायचं नाव नाही. उद्या सकाळी जिथून आणली तिथे नेऊन सोडते."

ताईला धसकाच बसला. कुणाला सोडतेस म्हणून तिने घाबरून विचारलं.

"मांजरीला गं! छोटीला कशाला सोडीन? तिचं काय, ती असून नसल्यासारखी."

ताई हसली, मग हीही हसली. छोटी तिथेच टेबलाखाली बसून, भवानीने पसरलेली रिळं गोळा करत होती. फोन संपला तेव्हा सगळी रिळं रंगांप्रमाणे लावून डब्यात ठेवलेली होती, आणि छोटी तिथे नव्हती.

पडदेवालीचा राग जसा भसकन चढायचा तसाच उतरायचाही. ओरखड्यांवर पट्टी लावता येईल, डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडता येईल, असं मनाशी म्हणत ती उठली. पिल्लू बिचारं सकाळपासून उपाशी होतं. बशीत दूध घेऊन ती मागच्या खोलीपाशी आली. दार थोडं उघडं होतं, आणि आत छोटी बोलत होती. एका दमात एवढं बोललेलं तिने पाच महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"पडद्याला हात लावायचा नाही. भूक लागली तरी मागायचं नाही, देतील तेव्हा खायचं. आणि खेळायचं ते काकू बाजारात गेल्यावर. रडू आलं ना, तर उशीत तोंड घालायचं, म्हणजे बाहेर ऐकू येत नाही. थांब, करून दाखवते."

मग बराच वेळ खरंच काही ऐकू आलं नाही.

"मी पण मागच्या घरी तुझ्यासारख्याच उड्या मारायचे," आवाज परत आला.

मागच्या घरचे लोक परदेशी गेले म्हणून पोरीला परत यावं लागलं, असं संस्थेत सांगितलं होतं. पडदेवालीने त्यापुढे काही विचारलं नव्हतं. गुणी मूल मिळतंय, उगाच कशाला खोलात शिरा, असं तेव्हा वाटलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने दार ढकललं, तसं बशीतलं दूध हिंदकळून खाली सांडलं.

छोटी ताडकन उभी राहिली. पिल्लाला तिने पायांमागे सारलं.

"ती शिकेल, काकू. मी शिकवतेय तिला."

पडदेवाली तिच्यासमोर खाली बसली.

"नको शिकवूस," ती कशीबशी म्हणाली. "मी तिला कुठे नेत नाही. ती इथेच राहणार. आणि तूही. कायमची."

छोटीने शहाण्यासारखी मान डोलावली. पडदेवालीच्या हातातली बशी काढून घेऊन नीट बाजूला ठेवली, सांडलेलं दूध स्वतःच्या फ्रॉकने पुसलं, आणि एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तशी हळूच म्हणाली,

"मागच्या काकूपण असंच म्हणाल्या होत्या."