करंजतेलाचा जोड

तानूबाईची उजवी चप्पल काही केल्या निघेना. करंजाच्या बियांचं नवं तेल पाजल्यापासून चामडं लोण्यासारखं मऊ पडायचं, चरा गेला तरी आपोआप भरून यायचं. गिऱ्हाइकाला चप्पल चावू नये म्हणून नवा जोड आधी तीच पायात घालून सैल करायची. आता तिची भेगाळलेली टाच त्या चामड्याला घट्ट चिकटली होती.

तिच्या नवऱ्यानं, रखमाजीनं, चामडं कापायची रापी उचलली. “हलू नकोस. नुसता पट्टा कापतोय, पायाला धक्का लागायचा नाही.”

तिनं डोळे मिटले. रापीचं टोक पट्ट्यात शिरलं मात्र, तिच्या मस्तकात कळ गेली.

“थांबवा हात!” ती किंचाळली. “त्या पट्ट्यात दुखतंय मला!”