भाडोत्री

बापाने उभी हयात देशाच्या सैन्यात काढली होती. मुलगा पगार घेऊन परक्यांच्या लढाईत लढायला निघाला, तेव्हा "भाडोत्री!" एवढा एकच शब्द बोलून बापाने त्याच्याशी अबोला धरला. मुलगा परतला तो डावा पाय तिकडेच गमावून. आईने हंबरडा फोडला. बाप खुर्चीतून हललासुद्धा नाही.

दुपारी मुलगा पलंगावर बसून उरलेल्या पायातला बूट काढू पाहत होता. पुढे वाकलं की तोल जायचा, आणि नाडीची गाठ काही केल्या सुटेना. एवढ्यात बाप उठून आला, त्याच्यापुढे जमिनीवर बसला आणि गाठ सोडवू लागला.

"बाबा, राहू द्या," मुलगा ओशाळून म्हणाला. "तुम्ही देशासाठी लढलात. मी पडलो पोटासाठी लढणारा."

बापाने बूट काढून बाजूला ठेवला. मुलाचा पाय मात्र हातातच धरून ठेवला.

"भरतीच्या रांगेत मीसुद्धा पोटासाठीच उभा होतो रे," तो म्हणाला. "देश मागाहून शिकलो."