हौसाबाईंचा बाक

हौसाबाई टेकायला गेल्या की चौकातला बाक जमिनीत शिरायचा; सून मंदा बसायला आली की मुकाट वर यायचा. वस्तीतल्या माणसामाणसाला विचारून, ज्याच्या-त्याच्या बोलण्याबरहुकूम तो चौक स्वतःला घडवत होता.

"मेल्या, तुझं काय घोडं मारलं मी?"

"आत्याबाई, चौकानं विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, आम्हा म्हाताऱ्यांना कशाला जागा, पोरांचं बघा."

"अगं, तसं म्हणायची रीत असते! पहिल्या हाकेला कुणी पाटावर बसतं का?"

"मग आता सांगा त्याला, बसायचंय म्हणून."

पलीकडच्या बाया बघत होत्या. हौसाबाईंचे गुडघे ठणकत होते.

"माझं अडलंय खेटर!" त्या गरजल्या.

चौकानं तेही ऐकलं. त्यांच्या पायाखालची फरशी हळूच रस्त्याकडे कलू लागली.